जुन्या डेस्कटॉपला नवा प्रोसेसर: आधी बोर्डाला विचारा

बोरीवलीतल्या सोसायट्यांची ऑफिसं, शिंपोली-वझिरा नाक्याकडचे क्लासेस, टॅक्स रिटर्न भरून देणाऱ्यांच्या छोट्या खोल्या, झेरॉक्स-लॅमिनेशनची दुकानं. यांतल्या कितीतरी ठिकाणी टेबलाखाली अजूनही दहा-बारा वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप चालू असतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सर्वसाधारण सभेची नोटीस, मुलांच्या प्रश्नपत्रिका एवढंच त्याचं काम, आणि अलीकडे तेही रखडत चाललेलं असतं. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. आता या मशीनचं करायचं काय? दुकानात विचारलं तर साधारण दोन उत्तरं मिळतात. एक, "काका, आता नवीनच घ्या." दुसरं, "आय७ टाकून देतो, पळेल." कॅबिनेट न उघडता दिलेल्या कुठल्याच उत्तरावर पैसे घालू नयेत. प्रोसेसर बदलावा का, हे मशीनवरचं काम ठरवतं आणि कुठला घालता येईल, हे मदरबोर्ड ठरवतो. दुकानातला चार्ट या दोघांच्या नंतर येतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे खोळंबा कुठे आहे ते बघणं. मशीन रखडलेलं असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू, मेमरी, डिस्क हे तीन आकडे वाचा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू दहा-पंधरावर असेल तर प्रोसेसर रिकामा बसून हार्ड डिस्कची वाट बघतोय. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा हेच चित्र असतं आणि त्याचं कारण साधं आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची एक फेरी सव्वाआठ मिलिसेकंदांची असते. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे चार मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो, आणि डोकं त्या रेषेवर सरकायला लागणारा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होतं. विंडोज सुरू होताना अशा बारीकसारीक वाचनांचा ढीग पडतो. या मशीनमध्ये जगातला सगळ्यात महाग प्रोसेसर बसवला तरी तोही त्याच डिस्कच्या रांगेत उभा राहील.

मेमरीचा आकडा सतत ८५-९० च्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. ४ जीबीवर आजचा ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब आणि एक्सेल एकत्र सुखाने चालत नाहीत. ८ जीबी केली की निम्मी तक्रार तिथेच मिटते. सीपीयू मात्र मिनिटामागून मिनिट १०० वर चिकटून असेल तरच प्रोसेसरचा विषय काढावा. त्यातही एक तपासणी आधी करायची, ती तापमानाची. प्रोसेसर आणि त्यावरच्या हीटसिंकमध्ये लावलेली पेस्ट आठ-दहा वर्षांत वाळून खडू होते. हीटसिंकच्या पात्यांमध्ये रस्त्यावरची धूळ, आणि गोराईकडून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत तिचा झालेला चिकट थर. शंभर अंशांच्या आसपास पोचलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. अशा मशीनला नवा प्रोसेसर नको, ब्लोअर आणि पेस्टची छोटी ट्यूब पुरते.

हे सगळं करूनही सीपीयू कमी पडतोच, अशी कामं आहेत. झूमवरचा वर्ग, एकाच वेळी दहा-बारा टॅब, आणि विशेषतः यूट्यूब. यूट्यूब बरेचसे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या पद्धतीने दाबून पाठवतं. ते उलगडणारं खास सर्किट २०११-१२ च्या इंटेल प्रोसेसरमध्ये नाही, इंटेलकडे व्हीपी९ साठी ते पूर्णपणे आलं सातव्या पिढीत. त्यामुळे जुन्या मशीनमध्ये ते ओझं थेट कोअरवर पडतं, आणि कोअर दोनच असले की व्हिडिओ अडखळतो, पंखा घोंघावतो. दोन कोअरवरून चारवर जाण्याचं हे खरं, रोजच्या वापरातलं कारण.

आता बोर्ड. विंडोज आणि आर एकत्र दाबून msinfo32 असं इंग्रजीत टाइप केलं की 'बेसबोर्ड'च्या ओळीत त्याचं नाव दिसतं आणि तिथेच वर बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती दिसते. सीपीयू-झेड हे छोटं फुकट सॉफ्टवेअर चिपसेट आणि सॉकेटही, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खोबणीचा प्रकारही, सांगतं. त्या वर्षांतल्या आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये एच६१ हा चिपसेट जागोजागी सापडतो. सोबत सॉकेट ११५५. त्यात बहुधा दुसऱ्या पिढीचा आय३-२१०० किंवा पेन्टियम असतो. हीच जोडी धरून पुढे जाऊ.

आय३-२१०० मध्ये दोन कोअर, वेग ३.१ गिगाहर्ट्झ, टर्बो नाही, कॅश ३ एमबी, उष्णतेचा हिशोब ६५ वॉट. याच सॉकेटमध्ये २०१२ चा, तिसऱ्या पिढीचा आय५-३४७० बसतो: चार कोअर, ३.२ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.६ पर्यंत टर्बो, ६ एमबी कॅश, ७७ वॉट. त्याच्या वर आय७-३७७०: कोअर चारच, पण प्रत्येक कोअर दोन धागे हाताळतो, ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ, ८ एमबी कॅश, तोही ७७ वॉट. दुसऱ्या पिढीचे आय५-२४०० आणि आय७-२६०० बाजारात स्वस्त दिसतात, पण ते ९५ वॉटचे. आय३ बरोबर आलेला बुटका ॲल्युमिनियमचा कूलर त्यांना पुरेलच असं नाही, आणि मे महिन्यात बंद खोलीत तर नाहीच. शक्य असेल तर तिसरी पिढीच घ्यावी.

गिगाहर्ट्झच्या आकड्याने इथे पुष्कळ लोक फसतात. इंटेलचा पेन्टियम ४ २००४ मध्येच ३.८ ला पोचला होता. तिथून पुढे वेग वाढवला की उष्णता आवरेना, म्हणून कंपन्या कोअर वाढवण्याकडे आणि एका ठोक्यात जास्त काम उरकण्याकडे वळल्या. म्हणून ३.१ चा आय३ त्या ३.८ च्या पेन्टियमला आरामात मागे टाकतो. वेगवेगळ्या पिढ्यांचे गिगाहर्ट्झ एकमेकांशेजारी मांडून काहीच कळत नाही.

मग आय५ की आय७? कोअर वाढले म्हणजे काम त्या पटीत लवकर होईल, हा समज १९६७ मध्येच जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने गणिताने खोडून काढला होता. चार जण पोळ्या लाटायला बसले तरी तवा एकच असेल तर जेवण चौपट लवकर होत नाही. समजा एका कोअरला १०० सेकंद लागणारं काम आहे आणि त्यातलं अर्धंच वाटून देता येतं. दोन कोअरवर ते ७५ सेकंदांत होईल, चारवर साडेबासष्ट, आणि कोअर कितीही लावले तरी ५० च्या खाली कधीच येणार नाही. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून. तिथेही प्रोसेसर गोळा करण्याइतकंच कठीण काम होतं ते गणित त्यांच्यात वाटता येईल अशा रीतीने मांडण्याचं. टेबलाखालच्या मशीनला तोच नियम लागू आहे. एक्सेलमधला मॅक्रो एकाच कोअरवर चालतो, त्याला बाकीचे तीन असून नसून सारखेच. त्याला उपयोग होतो तो आय५ च्या टर्बोचा. व्हिडिओ एडिटिंग, मोठमोठ्या फायली झिप करणं असली वाटता येणारी कामं रोजची असतील तर आय७ चे आठ धागे कामी येतात.

शिवाय आय७ च्या किमतीत एक गोम आहे. एखाद्या सॉकेटमध्ये बसणारा सगळ्यात वरचा प्रोसेसर कितीही जुना झाला तरी त्याचा भाव लवकर उतरत नाही, कारण त्या सॉकेटवाल्या प्रत्येकाला शेवटी तोच हवा असतो. मधल्या आय५ ला ती मागणी नसते. सोसायटीच्या ऑफिसला आणि क्लासला माझं स्पष्ट मत आय५-३४७० च्या बाजूने आहे. वाचलेल्या पैशांत एसएसडी येते. एच६१ ची साटा पोर्टं जुन्या, ३ गिगाबिटवाल्या पद्धतीची असल्यामुळे एसएसडी आपल्या पूर्ण वेगाने धावणार नाही, पण आपल्याला हवा असतो तो बारीक वाचनांचा झटपटपणा आणि तो तिथेही मिळतो. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या डेस्कटॉप आय३ मध्ये एईएस एन्क्रिप्शनच्या खास आज्ञा नाहीत, आय५ मध्ये आहेत. डिस्क कुलूपबंद ठेवायची असेल तर हा फरक जाणवतो.

हे झालं एच६१ चं. दुसरे बोर्ड असतील तर निर्णय वेगळा. २००७-१० मधलं कोअर २ ड्युओचं, सॉकेट ७७५ चं मशीन असेल तर प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नये. कोअर २ क्वाड मिळेल, बसेलही, पण आता त्यात अर्थ नाही. चौथ्या पिढीचा एच८१ बोर्ड, सॉकेट ११५०, असेल तर आय५-४५७० हा समजूतदार पर्याय.

खरी फसगत होते ती सॉकेट ११५१ मध्ये. सहावी आणि सातवी पिढी या सॉकेटमध्ये बसते. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेली आठवी पिढीही ११५१ चीच, आकार तोच, पण वीज पोचवणाऱ्या पिनांची मांडणी बदललेली. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डात आठव्या पिढीचा प्रोसेसर बसतो आणि स्क्रीन काळीच राहते. नुसत्या सॉकेटच्या आकड्यावर भरवसा ठेवून ऑनलाइन मागवणाऱ्यांनी हे आधी वाचावं. आणि एएमडीच्या एएम४ बोर्डाचा मालक या सगळ्यांत सुखी. २०१७ मध्ये रायझन १६०० घेतलेला असेल, तर त्याच बोर्डाच्या कंपनीने बायोस दिला असल्यास रायझन ५६०० पर्यंत जाता येतं. साध्या ए३२० बोर्डांनाही २०२२ मध्ये ही वाट मोकळी झाली. एकाच सॉकेटला इतकं लांब आयुष्य देणं ही ग्राहकाच्या बाजूची गोष्ट आहे आणि तिचं कौतुक करायला हवं.

आता माल कुठून आणायचा? तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर केव्हाच बनायचे थांबले, त्यामुळे मिळतो तो वापरलेलाच. मोठ्या ऑफिसांनी एकगठ्ठा काढून टाकलेल्या मशीनमधून ते निघतात. बोरीवलीत एखाद्या रिपेअरवाल्याकडे सापडतो, नाहीतर ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. वापरलेला प्रोसेसर घ्यायला घाबरू नये. तो रॅम, एसएमपीएस, बोर्ड या सगळ्यांपेक्षा टिकाऊ, त्यात झिजण्यासारखं फार काही नसतं. धातूच्या पाठीवर कोरलेलं मॉडेलचं नाव आणि 'एसआर'ने सुरू होणारा पाच अक्षरी कोड वाचा, फोनवर तो शोधून जुळतो का बघा. उलट्या बाजूचे सोनेरी ठिपके स्वच्छ हवेत, मधले बारीक घटक तुटलेले नकोत. आणि ग्राफिक्सचं विचारा. आय५-३३५०पी किंवा स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच झिऑन प्रोसेसरमध्ये डिस्प्ले देणारा भागच नसतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच येणार नाही. निघण्याआधी आपल्या बोर्डावरचे कपॅसिटर एकदा बघून घ्यावेत. त्यांची डोकी सपाट न राहता फुगलेली असतील तर त्या बोर्डावर खर्च करण्यात शहाणपण नाही.

प्रोसेसर हातात आला तरी लगेच बसवायचा नाही, आधी बायोस. एच६१ बोर्ड मूळचे दुसऱ्या पिढीसाठी निघाले, तिसरी पिढी ओळखायला त्यांना नवा बायोस लागतो, आणि तो जुना आय३ जागेवर असतानाच भरावा लागतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या प्रोसेसरची यादी असते. त्यात मॉडेलसमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते आणि कधी बोर्डाची उपआवृत्तीही. ब्रँडेड मशीनमध्ये चिपसेट एच६१ असूनही तिसरी पिढी न घेणारे बोर्ड आहेत, तेव्हा यादीत नाव नसेल तर नाद सोडावा. इंटेलचे स्वतःचे बोर्ड आपल्याकडे बरेच खपले होते. कंपनीने डेस्कटॉप बोर्डांचा धंदा सोडत असल्याचं जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये जुन्या बायोस फायली साइटवरून काढून टाकल्या. अशा बोर्डासाठी फाइल जुन्या संग्रहांतून शोधावी लागते आणि ती नेमक्या आपल्याच मॉडेलची आहे याची दोनदा खात्री करावी लागते.

बायोस भरताना वीज गेली तर बोर्ड मेला असं समजा. मुंबईत वीज जात नाही हा आपला विश्वास जुना आहे, पण १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी सबंध शहर तासन्‌तास बंद पडलं होतं. काही मिनिटांचं काम आहे, यूपीएसवर करा. त्याच वेळी बोर्डावरचा सीआर२०३२ चा गोल सेल बदलून टाका. तो संपलेला असला की तारीख मागे जाते आणि बँकेच्या साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून अडवतात. कितीतरी जण त्याला व्हायरस समजतात.

बसवण्याचं काम अर्ध्या तासाचं, पण हात शांत हवा. आधी मशीन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा म्हणजे वाळलेली पेस्ट थोडी सैल होते. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. इंटेलच्या कूलरला चार कोपऱ्यांत काळ्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्या घड्याळाच्या उलट दिशेने पाव फिरवून वर ओढल्या की कूलर सुटतो. बाजूची तार दाबून वळवली की झाकण उघडतं आणि प्रोसेसर उचलता येतो. खाली दिसणाऱ्या बारीक स्प्रिंगसारख्या पिना म्हणजे बोर्डाचा जीव. त्यांना बोट, कापड, ब्रश काहीही लावायचं नाही, एक वाकली तरी बोर्ड हातचा जातो. नवा प्रोसेसर कडेच्या दोन खाचा आणि कोपऱ्यातला त्रिकोण जुळवून नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट. मग खुंट्या जागेवर फिरवून समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबायच्या, प्रत्येकीचा 'टक्क' आवाज ऐकू यायला हवा. एक खुंटी अर्धवट राहिली तर मशीन सुरू होईल, पण दहा मिनिटांत तापून मंदावेल. एएम४ वाल्यांनी एक वेगळी काळजी घ्यावी. तिथे पिना प्रोसेसरलाच असतात आणि कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. कूलर आधी डावी-उजवीकडे हलकेच फिरवून मोकळा करायचा.

आता ज्याने हा विषय निघाला त्या विंडोजकडे येऊ. एच६१ मध्ये आय५ काय आणि आय७ काय, मायक्रोसॉफ्टच्या नियमाने विंडोज ११ चालणार नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय अशी अट आहे. प्रोसेसर बदलून ही अडचण सुटेल असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. मशीन विंडोज १० वरच ठेवायचं असेल तर घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. नुसतं ब्राउझर, लिबरऑफिस आणि मराठी टायपिंग असेल तर लिनक्स मिंट या मशीनवर छान चालतं, इनस्क्रिप्टचा कळफलकही त्यात आहे. पण हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजलाच बांधलेलं असेल, आणि त्यात सभासदांचे बँक व्यवहार असतील, तर जुन्या बोर्डावर खर्च न करता आठव्या पिढीचं किंवा पुढचं वापरलेलं ऑफिस मशीन घेणं योग्य. दुसऱ्याच्या पैशांची जबाबदारी असलेल्या मशीनवर काटकसर सुरक्षेत करायची नसते. आठव्या पिढीपासून साध्या आय३ लाही चार कोअर मिळाले, म्हणजे जे आपण आय५-३४७० मध्ये शोधत होतो ते तिथे मुळातच असतं, वर वेग जास्त.

ज्यांनी प्रोसेसर बदलला त्यांनी पहिल्याच दिवशी सीपीयू-झेडमध्ये मॉडेल, कोअर आणि धागे तपासावेत. मग भर दुपारी, पंखा-एसी न लावता, तासभर व्हिडिओ चालू ठेवून तापमान बघावं. ऐंशीच्या आत राहिलं तर पेस्ट आणि खुंट्या नीट बसल्या आहेत. काढलेला आय३ विकून फार काही येत नाही. तो त्याच्या प्लास्टिकच्या डबीत घालून टेबलाच्या खणात ठेवावा. पुढे कधी मशीन सुरूच झालं नाही, तर बिघाड बोर्डात आहे की नव्या प्रोसेसरमध्ये, हे ओळखायला तोच लागतो.